ॲनिमे निवडताना फॅन सर्व्हिस कशी तोलावी : सामूहिक खेळ ठरवणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात एखाद्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने, पेठेतील तरुण मंडळाने किंवा राजारामपुरीतल्या चार-सहा मित्रांनी मिळून ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट किंवा मालिका, दाखवायचे ठरवले, की पहिली चर्चा मालिकेच्या दर्जावर होत नाही. "हे सगळ्यांसमोर लावता येईल का," या एका प्रश्नावर ती अडते. सप्टेंबर २०२५ मध्ये 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंगसह भारतातील चित्रपटगृहांत लागला, आणि बहुतेकांनी मोबाइलवर एकट्याने पाहिलेली ही कला चारचौघांत पाहण्याची गोष्ट झाली. त्यामुळे हा प्रश्न आता टाळता येत नाही. त्याचे उत्तर मात्र बहुधा मालिका न पाहताच दिले जाते. कोणी 'जपानी कार्टून म्हणजे तसलेच' म्हणून सगळे नाकारतो, तर कोणी 'त्यात काय एवढे' म्हणून हाताला येईल ते लावतो. पुढे सांगितलेली पद्धत मालिका पाहून, तिची नोंद करून आणि समोर कोण बसणार आहे हे लक्षात घेऊन निर्णय करण्यासाठी आहे.

कशाला फॅन सर्व्हिस म्हणावे

कामापुरती व्याख्या अशी धरावी : कथेला ज्याची गरज नाही, पण प्रेक्षकांपैकी एका ठरावीक गटाला जे हवे आहे हे निर्मात्याला पक्के ठाऊक आहे, असा मुद्दाम घातलेला अंश म्हणजे फॅन सर्व्हिस. या व्याख्येत अंगप्रदर्शन येते, पण तेवढेच येत नाही. 'ड्रॅगन बॉल'च्या १९९५ च्या एका चित्रपटात दिसलेला गोगेटा, म्हणजे दोन नायक एकत्र होऊन बनणारा योद्धा, २०१८ च्या 'ड्रॅगन बॉल सुपर : ब्रोली'मध्ये परत आणला गेला, तो जुन्या चाहत्यांसाठीच होता. महाकाय यंत्राची जुळणी सांध्यासांध्यांतून फिरून दाखवणे, जुने पात्र गर्दीत क्षणभर डोकावणे, सुरुवातीचे शीर्षकगीत शेवटच्या लढाईत वाजणे, हे सगळे याच प्रकारात मोडते. याची अडचण एवढीच, की टाळ्या कशाला पडल्या ते नवख्याला कळत नाही. कार्यक्रमाआधी दोन वाक्ये सांगितली की ती अडचण सुटते, म्हणून या प्रकारावर येथे अधिक जागा खर्च करत नाही.

वाद होतो तो देहाशी संबंधित प्रकारावर, आणि तो जपानमध्येही जुनाच आहे. गो नागाई यांच्या १९६८ मध्ये सुरू झालेल्या 'हारेंची गाकुएन' या छापील चित्रमालिकेवर (मांगावर) तेथील पालक-शिक्षक संघांनी जोरदार आक्षेप घेतले होते, आणि त्यांच्याच १९७३ च्या 'क्यूटी हनी'पासून नायिकेच्या रूपांतराचे दृश्य हा एक साचा होऊन बसला. हे सगळे पुरुषांनी पुरुषांसाठी केले, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही, कारण १९८१ साली पडद्यावर आलेल्या 'उरुसेई यात्सुरा'तील वाघपट्टी पोशाखाची लम ही रुमिको ताकाहाशी या स्त्रीच्या लेखणीतून उतरली आहे. १९९५ च्या 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन'मध्ये तर पुढील भागाची झलक दाखवताना मिसातो या पात्राचा आवाज पुढच्या खेपेलाही 'सर्व्हिस' मिळेल असे हसत सांगतो, आणि त्याच मालिकेचा उत्तरार्ध त्या सुखावलेल्या प्रेक्षकाला पुरता अस्वस्थ करून सोडतो. चाहत्याला खूश करणे आणि त्याची झाडाझडती घेणे या दोन्ही गोष्टी एकाच कलाकृतीत असू शकतात, हे नोंद करणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावे.

देह दिसला की लगेच वहीत फुली मारणे, ही नवख्यांकडून हमखास होणारी गल्लत आहे. खासबाग मैदानात कुस्त्या पाहणाऱ्या प्रेक्षकांना २०१८ ची 'हिनोमारू सुमो' दाखवली, तर उघड्या अंगाकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. पकड कशी बसली आणि पाय कोठे सरकला यावरच बोलणे होईल. उलट गळ्यापर्यंत कपडे घातलेल्या पात्राकडेही कॅमेरा अशा रीतीने पाहू शकतो, की शेजारी बसलेल्या बहिणीला मान वळवावी लागते. म्हणून कपडे मोजू नयेत, नजर पाहावी.

पैसा कोणाचा आहे ते पाहावे

तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याच्या फर्माइशीवर लावणी पुन्हा रंगते, आणि मागे बसलेल्या तिकीटवाल्याला काय हवे ते कोणी विचारत नाही. रात्री उशिरा लागणाऱ्या जपानी मालिकांचा व्यवहार कित्येक वर्षे याच चालीचा होता. प्रकाशक, ध्वनिमुद्रण कंपनी, खेळणी बनवणारे आणि इतर काही भागीदार मिळून निर्मिती समिती स्थापन करत, वाहिनीवरची मध्यरात्रीनंतरची वेळ स्वतः पैसे मोजून घेत, आणि दूरचित्रवाणीवरील प्रसारणाकडे एक प्रकारची जाहिरात म्हणूनच पाहत. खरी वसुली डिस्क, बाहुल्या आणि गाण्यांतून होत असे. दोन-तीन भागांच्या एका डिस्कला ६,००० ते ७,००० येन मोजणारा ग्राहक संख्येने थोडा, पण हमखास येणारा असे. त्याला आवडेल ते दाखवणे हा त्या व्यवहाराचा सरळ हिशेब होता. म्हणूनच दूरचित्रवाणीवर वाफेच्या ढगांनी किंवा पांढऱ्या प्रकाशझोतांनी झाकलेली दृश्ये डिस्कवर मोकळी होत, आणि एटी-एक्ससारखी पैसे भरून घ्यायची वाहिनी तीच मालिका कमी झाकपाक करून दाखवी.

स्ट्रीमिंग आल्यानंतर पैसे देणारा बदलला. २०२३ साली ॲनिमेची परदेशातील बाजारपेठ जपानमधील बाजारपेठेहून मोठी ठरली, याचा अर्थ आता कोल्हापुरात महिन्याची वर्गणी भरणारा विद्यार्थीही, अगदी थोड्या प्रमाणात का होईना, त्या फर्माइशीत सामील आहे. २०२२ च्या 'स्पाय फॅमिली'ने किंवा २०२३ च्या 'फ्रीरेन'ने देहप्रदर्शनावर भर न देता जगभर प्रेक्षक मिळवले, त्यामागे केवळ निर्मात्यांचा सोज्वळपणा नसून हा बदललेला हिशेबही असावा, असे माझे मत आहे. जुन्या पद्धतीच्या मालिका बंद झालेल्या नाहीत. त्यांचा ग्राहक अजून आहे, आणि ज्या मालिकेचे पोस्टरच सगळे सांगून टाकते तिच्याबद्दल निर्णय करणे सोपेही असते. कस लागतो तो चांगली कथा आणि नको तेथे रेंगाळणारा कॅमेरा एकत्र असलेल्या मालिकांपाशी. त्यामुळे मालिका हाती घेताच ती कोणत्या साली, कोणत्या वेळी आणि कोणत्या वाहिनीसाठी किंवा मंचासाठी बनली, हे वहीच्या पहिल्या ओळीत लिहावे. निम्मा उलगडा तेथेच होतो.

दृश्य कसे तपासावे

फक्त पहिला भाग पाहून मालिका निवडू नये. पहिले तीन भाग, मध्यावरचा एखादा समुद्रकिनाऱ्याचा किंवा ओन्सेनचा, म्हणजे गरम झऱ्यावरच्या स्नानगृहाचा भाग, सुरुवातीचे व शेवटचे गाणे आणि पुढच्या सत्रातील कोणताही एक भाग, एवढे तरी पाहिलेच पाहिजे. समुद्रकिनाऱ्याचा भाग मुद्दाम सांगितला आहे, कारण एरवी संयम पाळणाऱ्या मालिकाही तेथे सैल सुटतात. गाण्यांकडे दुर्लक्ष होते, पण तीच प्रत्येक भागाला परत लागतात, आणि खेळाच्या वेळी ती पुढे ढकलायला कोणी उठत नाही.

पाहताना वहीत वेळ टिपावी आणि त्या दृश्याविषयी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा : हे आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहोत? खोलीत असलेल्या एखाद्या पात्राच्या नजरेने दृश्य दिसत असेल, तर त्यातून निदान त्या पात्राविषयी काही कळते. खोलीत कोणीच नसताना कॅमेरा जमिनीलगत जाऊन बसत असेल, तर ती नजर निर्मात्याने प्रेक्षकाच्या नावावर मांडलेली असते. प्रेक्षकांपैकी काहींना ती आपली वाटते, काहींना आपल्यावर लादलेली. सभागृहात मध्येच पसरणारी चुळबुळ बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारच्या दृश्यातून येते.

त्यानंतर कथा थांबते का, हे पाहावे. अनेक जण येथे एक झटपट कसोटी लावतात : दृश्य काढून टाकले तर काही बिघडते का? ही कसोटी उपयोगी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये, कारण तिच्या काट्यावर तोलले तर निम्मे विनोद, जेवणाची सगळी दृश्ये आणि पावसात रिकामा रस्ता दाखवणारी शांत चित्रणेही गाळावी लागतील. करमणुकीत अनावश्यकालाही जागा असतेच. कथा थांबून काय मिळाले, हा त्यापुढचा प्रश्न अधिक खरा आहे. 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहूड'मध्ये मेजर आर्मस्ट्राँग ऊठसूट सदरा फाडून आपले पीळदार शरीर दाखवतो, तेव्हाही कथा थांबते, पण तेथे देहप्रदर्शनाचीच टिंगल असते, इतर पात्रे कंटाळून पाहत असतात, आणि समोर बसलेली पाचवीतली मुलगी व तिचे आजोबा एकाच वेळी हसू शकतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पात्राच्या जाणिवेचा आहे, आणि माझ्या मते निर्णयाचे वजन येथे असावे. १९७१ पासून पडद्यावर असलेल्या 'ल्यूपिन द थर्ड'मधील फुजिको मिने ही प्रौढ स्त्री आहे. आपल्याकडे कोण कसे पाहते हे तिला ठाऊक असते, त्याचा ती हत्यारासारखा वापर करते, आणि शेवटी दागिने बहुधा तीच घेऊन जाते. तिची दृश्ये मोहक आहेत, पण त्यांत ती कोणाच्या हातची वस्तू नसते. याच्या उलट टोकाला घसरून पडणे, चुकीचे दार उघडणे, वाऱ्याने कपडे उडणे असे 'अपघात' आहेत, ज्यांत पात्राला काहीच ठाऊक नसते आणि तिची फजिती हाच विनोद असतो. त्याहूनही खटकतो तो नकोशा स्पर्शाचा विनोद. 'द सेव्हन डेडली सिन्स'चा नायक राजकन्येला न विचारता हात लावतो आणि मालिका ते गमतीत घेते. 'माय हीरो अकॅडेमिया'तील मिनेता या पात्राचे बहुतेक विनोद याच जातीचे आहेत. वही चाळली की आढळते, की प्रेक्षकांचा विरस अंग दिसण्याने होतो त्यापेक्षा या विनोदांनी अधिक होतो, कारण असा अनुभव एसटीच्या गर्दीत प्रत्यक्ष घेतलेली एखादी मुलगी त्या खोलीत बसलेली असण्याची शक्यता फार मोठी असते. मोहक दृश्याची सूचना देऊन ते दाखवता येते. नकोशा स्पर्शाच्या विनोदाला सूचनेचा उपाय पुरत नाही. तो वारंवार येत असेल तर मालिका बाजूला ठेवावी.

शेवटी त्या दृश्यानंतरचा मिनिटभराचा भाग पाहावा. पात्र पुन्हा आपले काम करू लागते का, निर्णय घेते का, तिचे बोलणे इतर पात्रे मनावर घेतात का? तसे होत असेल, तर आधीचे दृश्य प्रेक्षक बहुधा माफ करतो. पात्र त्यानंतर केवळ पुढच्या तशाच दृश्याची वाट पाहत उभे असेल, तर मालिकेला त्या पात्राकडून दुसरे काही नको आहे, हे स्पष्ट होते.

आकर्षणाचा हिशेब

फॅन सर्व्हिसमुळे प्रेक्षक वाढतो का, या प्रश्नाचे 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ती एका गटाला जवळ ओढते आणि त्याच वेळी दुसऱ्याला दूर करते. दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवावी लागते. ओढ सहज दिसते : छोट्या क्लिप पसरतात, पोस्टर लक्ष वेधते, पात्रांच्या बाहुल्या खपतात, आणि आवडत्या पात्रासाठी माणूस रटाळ भागही पाहून काढतो. तुटलेला प्रेक्षक मात्र दिसत नाही, कारण तो तक्रार करत नाही, फक्त पुढच्या वेळी येत नाही.

त्यातही एक तोटा असा आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही : शिफारशीचा. मालिका मनापासून आवडलेली असते, पण ती घरात सुचवता येत नाही. आपल्याकडील बहुसंख्य घरांत टीव्ही बैठकीच्या खोलीत असतो आणि समोर दिवाणावर आजी बसलेली असते. "आई आली की लगेच बंद करायला लागतंय," हे वाक्य ज्या मालिकेबद्दल ऐकू येते ती मालिका हेडफोनमध्येच राहते. एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती समवयस्क मित्रांपुरतीच. 'शोकुगेकी नो सोमा' ही २०१५ ची पाककलेवरची मालिका याचे ठळक उदाहरण आहे. तिच्यातील पाककृतींसाठी मूळ चित्रमालिकेतच युकी मोरिसाकी यांचे साहाय्य घेतलेले होते, स्वयंपाकाची स्पर्धा हा विषय लहानथोरांना खिळवणारा आहे, आणि तांबडा रस्सा कोणाच्या घरचा सरस यावर तासभर भांडणाऱ्या शहरात तर ती घराघरांत पोहोचायला हवी होती. पण घास तोंडात गेल्यावर पात्रांचे कपडे उडून जाण्याची तिची लकब अशी आहे, की ज्या स्वयंपाकघराला ती सर्वाधिक आवडली असती तेथेच ती लावता येत नाही. हे दृश्यप्रकार पुरुष पात्रांच्या वाट्यालाही येतात, असा बचाव केला जातो. तो खरा आहे, पण दिवाणावरच्या आजीसमोर तो टिकत नाही.

स्त्री प्रेक्षकाला फॅन सर्व्हिस नको असते, हा समजही तपासून घ्यावा. क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओने २०१३ च्या वसंतात पोहणाऱ्या तरुणांची एक छोटी जाहिरात दाखवली, तिच्यावर चाहत्यांच्या अक्षरशः उड्या पडल्या आणि त्याच वर्षी जुलैमध्ये 'फ्री!' ही जलतरण संघाची मालिका आली. तिचे दिग्दर्शन हिरोको उत्सुमी या स्त्रीने केले, आणि पाण्यातून बाहेर येणारे खांदे व पाठी कोणासाठी चितारल्या आहेत याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. एरवी 'त्यात काय एवढे' म्हणणारे काही मुलगे ती लागली की अस्वस्थ होऊन मोबाइल काढतात. चर्चेच्या दृष्टीने अशी मालिका हाताशी असणे फार उपयोगाचे आहे, कारण नजर आपल्याकडे वळल्यावर काय वाटते, हे सांगून समजत नाही.

मुद्दाम काही न पेरताही आकर्षण निर्माण होते, याचीही दखल घ्यावी. २०१४ ची 'हायक्यू!!' ही व्हॉलीबॉलची मालिका आणि २०२२ ची फुटबॉलवरची 'ब्लू लॉक' या कोल्हापूरसाठी जणू तयार निवडी आहेत. शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांसाठी गर्दी करणारा मुलगा 'ब्लू लॉक'मधील एकट्याच्या बळावर गोल मारण्याच्या तत्त्वज्ञानावर भांडायला बसतो, त्याची बहीण एखाद्या खेळाडूच्या चेहऱ्यावर भाळलेली असते, आणि दोघेही एकाच खोलीत एकाच वेळी बसू शकतात. पात्रे देखणी आहेत, हे निर्मात्यांना ठाऊक आहेच. पण खेळ थांबवून ते दाखवण्याची त्यांना घाई नसते.

एखाद्या मालिकेला मिळालेले यश तिच्यातील फॅन सर्व्हिसच्या खात्यावर टाकताना सावध राहावे. 'डीमन स्लेयर'मधील मित्सुरी या तलवारबाज तरुणीचा पोशाख चाहत्यांत गाजला हे खरे. पण २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'चा जपानमधील सर्वाधिक कमाईचा विक्रम ज्या चित्रपटाने २०२० मध्ये मोडला, त्या 'डीमन स्लेयर'च्याच 'मुगेन ट्रेन'चे बळ भावंडांच्या नात्यात आणि रेंगोकू या योद्ध्याच्या अखेरच्या लढाईत होते. मोडलेला आणि मोडणारा असे दोन्ही चित्रपट देहप्रदर्शनाच्या आधाराने उभे नाहीत. यावरून एवढेच म्हणता येते, की सर्वांत मोठे वर्तुळ त्याशिवाय गाठले गेले आहे. लहान पण खात्रीचे वर्तुळ मात्र त्याच्या जोरावर वर्षानुवर्षे टिकले आहे. आपल्याला खेळ कोणत्या वर्तुळासाठी लावायचा आहे, हे आयोजकाने ठरवायचे असते.

वयाच्या बाबतीत तडजोड नाही

येथे तोलण्यासारखे काही नाही. पात्र शाळकरी वयाचे असेल आणि त्याचे चित्रण लैंगिक रीतीने होत असेल, तर ती मालिका सामूहिक खेळात घेऊ नये, मग तिची कथा कितीही नावाजलेली असो. 'ती दिसायला लहान, पण मुळात शेकडो वर्षांची आहे,' ही सबब तर ऐकूनही घेऊ नये. २०१३ च्या 'किल ला किल'बद्दल जाणकार हिरिरीने सांगतात, की दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी यांच्या या मालिकेत वस्त्र, लाज आणि सत्ता यांवरचे भाष्य आहे. भाष्य आहे, यात शंका नाही. पण नायिका विद्यार्थिनी आहे, म्हणून ही मालिका या नियमात बसत नाही, आणि तिच्यासाठी नियम वाकवू नये.

वयोगटाची खूण पाहायची सवय लावावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार स्ट्रीमिंग मंचांनी यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वर्गीकरण दाखवणे आवश्यक आहे, आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर चित्रपटगृहांतील यूए प्रमाणपत्रालाही असेच वयाचे टप्पे आले आहेत. मात्र १६+ ही खूण रक्तपातासाठी आहे की अन्य कशासाठी, हे सोबतची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. कार्टून म्हणजे मुलांचे, हा समज तर सर्वांत धोक्याचा. 'शिनचॅन'ची मूळ चित्रमालिका १९९० मध्ये जपानमधील प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. आपल्याकडे ती मुलांच्या वाहिनीवर आली, २००८ मध्ये पालकांच्या तक्रारींवरून तिचे प्रसारण बंद पडले, आणि नंतर काटछाट होऊन ती परतली. दोष शिनचॅनचा होता त्यापेक्षा तो कोणासमोर बसवला याचा अधिक होता.

खेळाची आखणी आणि सूचनेची चिठ्ठी

हक्कांची बाब आधी उरकावी : घरगुती वर्गणीवर सभागृहात जाहीर खेळ करता येत नाही, त्यासाठी वितरकाची परवानगी घ्यावी लागते. ती मिळण्यासारखी नसेल, तर प्रत्येकाने मालिका घरी पाहून यावी आणि एकत्र येऊन फक्त चर्चा करावी. देहाशी संबंधित दृश्यांच्या बाबतीत ही व्यवस्था अनेकदा अधिक सोयीची ठरते, कारण ज्याला जे नको ते तो घरीच वगळतो.

खेळाच्या घोषणेसोबत मालिकेची एक लहान चिठ्ठी द्यावी. तिच्यात 'आक्षेपार्ह दृश्ये' असे मोघम लिहू नये, कारण त्याने एकाची उत्सुकता चाळवते, दुसरा घाबरतो, आणि माहिती कोणालाच मिळत नाही. साध्या शब्दांत काय आहे ते सांगावे. उदाहरणार्थ : "'स्पाय फॅमिली', भाग १ ते ३. हाणामारी आहे, दुसऱ्या भागात मारेकरीण असलेली योर आपले काम करताना दिसते. तिचा कामाचा पोशाख खांदे उघडे ठेवणारा आहे, परंतु दृश्य तिच्या हालचालीवर राहते. लहान मुलांना हाणामारीची कल्पना आधी द्यावी. घरातील वडीलधाऱ्यांसोबत पाहण्यास अडचण नाही." एवढ्या पाच-सहा ओळी वाचून आजीला आणायचे की नाही, हे नातू स्वतः ठरवू शकतो.

निवड करणाऱ्यांत निदान निम्म्या मुली असाव्यात. हे सौजन्य म्हणून सांगत नाही. ज्या दृश्यावर एकाच प्रकारच्या डोळ्यांनी नजर फिरली आहे, त्यातील निम्मे त्या डोळ्यांना दिसलेलेच नसते. कोणते दृश्य खटकते यावर मतभेद झाले, तर ते मतदानाने मिटवू नयेत. ज्याला खटकले त्याला कारण सांगू द्यावे आणि ते कारण जसेच्या तसे वहीत उतरवावे.

चर्चेत "तुम्हाला ते दृश्य आवडले का?" असे विचारले, की खोली गप्प होते किंवा दोन धीट मुलेच बोलतात. त्याऐवजी कोऱ्या चिठ्ठ्या वाटून दोन प्रश्न विचारावेत : कोणत्या क्षणी तुम्ही कथेतून बाहेर पडलात, आणि ही मालिका तुम्ही घरात कोणाला सुचवाल? नाव लिहायला सांगू नये. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत एकच क्षण वारंवार आला, तर तो आपल्या वहीतील नोंदीशी ताडून पाहावा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे अधिक बोलकी असतात. "मित्राला" असे सगळ्यांनी लिहिले आणि "बहिणीला" किंवा "आईला" असे कोणीच लिहिले नाही, तर मालिकेचे वर्तुळ किती लहान आहे ते प्रेक्षकांनीच सांगितलेले असते.

चिठ्ठ्यांतील उत्तरे मालिकेच्या नोंदीखालीच चिकटवून ठेवावीत. नवे सत्र आले, दिग्दर्शक किंवा स्टुडिओ बदलला, तर जुन्या नोंदीवर भिस्त न ठेवता निदान पहिले दोन भाग आणि नवी गाणी पुन्हा पाहावीत, आणि नोंदीत फरक पडला असेल तर घोषणेची चिठ्ठी नव्याने लिहूनच पुढचा खेळ लावावा.